आईला कळण्याआधीचे अठ्ठावीस दिवस

कोरेगाव तालुक्यातला शेतकरी वाघ्या घेवडा पेरतो तेव्हा बीजप्रक्रिया पेरणीच्या आधी करतो. रोप वर आल्यावर ती करून उपयोग नसतो, हे त्याला कुणी शिकवावे लागत नाही. घरात बाळ यायचे असते तेव्हा मात्र आपला हिशेब उशिरा सुरू होतो. पाळी चुकते, आठ-पंधरा दिवस वाट पाहिली जाते, ‘दिवस गेलेत’ अशी खात्री पटते आणि मग सासूबाई सुनेला घेऊन दवाखाना गाठतात. गोळ्या, दूध, फळे, पालेभाज्या, सगळे तिथून पुढे. तोवर बाळाच्या शरीरातले एक फार नाजूक काम होऊन गेलेले असते.

हा हिशेब समजून घेऊ. डॉक्टर ४० आठवडे मोजतात ते शेवटच्या पाळीच्या पहिल्या दिवसापासून. प्रत्यक्ष गर्भधारणा त्यानंतर साधारण दोन आठवड्यांनी होते. म्हणजे ज्या दिवशी पाळी चुकते, त्या दिवशी भ्रूण जवळजवळ १४ दिवसांचा झालेला असतो. आणखी दोन आठवडे वाट पाहिली, की २८ दिवस संपले.

या २८ दिवसांत काय होते? फलित बीजांड विभागत विभागत गर्भाशयात येते आणि सहाव्या-सातव्या दिवसापासून तिथल्या अस्तरात रुजू लागते. तिसऱ्या आठवड्यात पेशींच्या तीन थरांची चपटी चकती तयार होते. तिच्या वरच्या थरावर पन्हळीसारखी खाच पडते, खाचेच्या दोन्ही कडा एकमेकींकडे वळतात आणि जुळून नळी बनते. हीच मज्जानलिका. तिच्या वरच्या भागातून मेंदू घडतो आणि उरलेल्या भागातून पाठीतला मज्जारज्जू. डोक्याकडचे टोक साधारण २५व्या दिवशी बंद होते, खालचे २८व्या दिवसापर्यंत. दरम्यान, २२व्या दिवसाच्या आसपास हृदयही धडधडू लागलेले असते. या वेळी हा जीव घेवड्याच्या दाण्याहून लहान असतो.

नळीचे वरचे टोक उघडे राहिले, तर मेंदू आणि कवटी पूर्ण बनत नाहीत. असे बाळ जगत नाही. खालचा भाग उघडा राहिला, तर पाठीच्या कण्याचे व्यंग येते. अशा बाळाच्या पायांतली ताकद जाऊ शकते, लघवी-शौचावर ताबा राहत नाही. जन्मानंतर शस्त्रक्रिया होते, काही ठिकाणी ती गर्भातही केली जाते. पण मज्जातंतूंची झालेली हानी पूर्ण भरून येत नाही. या व्यंगाची कारणे अनेक आहेत. त्यातले एक आपल्या हातातले आहे, ते म्हणजे फोलेट या जीवनसत्त्वाची कमतरता. पेशी विभागताना तिला आपल्या जनुकीय द्रव्याची नवी प्रत काढावी लागते. त्या कामाला फोलेट लागते, आणि या दिवसांत पेशींचे विभाजन अतिशय वेगाने चालू असते.

या जीवनसत्त्वाची गोष्ट आपल्याच राज्यात सुरू झाली. १९२८ साली ल्युसी विल्स ही ब्रिटिश डॉक्टर मुंबईत आली. शहरातल्या गरीब गरोदर स्त्रियांना जीवघेणा पांडुरोग होत होता आणि तो साध्या रक्तक्षयापेक्षा वेगळा होता. तिने त्यांच्या आहाराचा अभ्यास केला आणि यीस्टचा अर्क देऊन पाहिला. रुग्ण बऱ्या होऊ लागल्या. १९३१ साली तिने हे निष्कर्ष प्रसिद्ध केले. अर्कात नेमके काय आहे, हे तेव्हा ठाऊक नव्हते. पुढे १९४१ साली पालकाच्या पानांतून ते द्रव्य वेगळे केले गेले आणि पानासाठी असलेल्या लॅटिन शब्दावरून त्याला फोलिक आम्ल हे नाव मिळाले. त्यानंतर ५० वर्षांनी, १९९१ मध्ये, ब्रिटनच्या वैद्यकीय संशोधन परिषदेच्या मोठ्या चाचणीचे निष्कर्ष आले. ज्या स्त्रियांना आधी असे व्यंग असलेले मूल झाले होते, त्यांनी गर्भधारणेच्या आधीपासून फोलिक आम्ल घेतले तर पुन्हा तसे होण्याचा धोका ७२ टक्क्यांनी कमी झाला.

मज्जानलिका मिटली, तरी पुढचे काम थांबत नाही. गर्भधारणेपासून आठ आठवड्यांत सगळ्या मुख्य अवयवांची मांडणी होते. तेव्हा बाळ जेमतेम तीन सेंटीमीटरचे असते. पाचव्या महिन्याच्या सुमारास आईला पहिली हालचाल जाणवते; दुसऱ्या खेपेला ती थोडी आधी ओळखू येते. सहाव्या महिन्यात बाळाला आवाज ऐकू येऊ लागतात. सातव्या महिन्यात आपण डोहाळजेवण करतो, त्या सुमारास बाळ डोळे उघडू लागलेले असते आणि वजन किलोभर असते. पुढच्या तीन महिन्यांत ते जवळपास तिप्पट होते. याच काळात ते आईकडून लोहाचा साठा घेते, त्वचेखाली चरबी धरते आणि फुप्फुसे मिटून जाऊ नयेत म्हणून लागणारे द्रव्य पुरेसे तयार होते. वेळेआधी जन्मलेल्या बाळाला श्वासाचा त्रास होतो, तो बहुधा हेच द्रव्य कमी पडल्याने. जन्मल्यावर पहिल्या श्वासासरशी फुप्फुसांत हवा शिरते, रक्ताचा मार्ग बदलतो आणि वारेवर अवलंबून असलेले बाळ स्वतः श्वास घेऊ लागते.

या नऊ महिन्यांचा आईच्या ताटाशी काय संबंध आहे, याचा एक महत्त्वाचा अभ्यास पुण्याजवळच्या गावांत झाला. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३ पासून सहा गावांतल्या स्त्रियांची गर्भधारणेच्या आधीपासून नोंद ठेवली. पूर्ण दिवस भरलेल्या बाळांचे सरासरी वजन २.७ किलो निघाले. इंग्लंडमधल्या साउथहॅम्प्टनच्या बाळांचे ३.५ किलो. आपली बाळे बारीक होती, पण त्यांच्या अंगातली चरबी त्या मानाने कमी नव्हती. स्नायू मात्र कमी होते. पुढे मधुमेहाकडे झुकणाऱ्या शरीराची चाहूल जन्माच्या वेळीच दिसत होती. ज्या आयांच्या आहारात पालेभाज्या आणि फळे वरचेवर होती, त्यांची बाळे मोठी होती. शेतातली आणि घरातली जड कामे करणाऱ्यांची बाळे लहान होती.

याच अभ्यासात आणखी एक गोष्ट पुढे आली. सुमारे दोन तृतीयांश गरोदर स्त्रियांच्या रक्तात ब-१२ जीवनसत्त्व कमी होते. आईच्या रक्तात फोलेट जास्त पण ब-१२ कमी असेल, तर तिच्या सहा वर्षांच्या मुलात इन्सुलिनचा परिणाम सर्वांत कमी होताना दिसला. ही दोन्ही जीवनसत्त्वे पेशीत एकमेकांच्या जोडीने काम करतात. त्यामुळे एकीची गोळी घेऊन दुसरीकडे दुर्लक्ष करून चालत नाही.

इथे आपल्या वाघ्या घेवड्याची आठवण ठेवावी. भौगोलिक मानांकन मिळालेले कोरेगावचे हे कडधान्य फोलेटचा चांगला स्रोत आहे. उसळ नीट शिजलेली हवी, कारण कच्च्या घेवड्याने पोट बिघडते. शिजताना थोडे फोलेट कमी होते, म्हणून शिजवलेले पाणी फेकू नये. मात्र घेवड्यात काय, कुठल्याच धान्यात-भाजीत ब-१२ मिळत नाही. ते दूध, दही, अंडी, मासे आणि मटणातून मिळते. शाकाहारी घरातल्या सुनेच्या वाट्याला दुधाचा पेला शेवटी उरला तर येतो. तो आधी तिला मिळायला हवा आणि गरज वाटल्यास ब-१२ची तपासणीही करून घ्यावी.

गोळीचे वेळापत्रक सोपे आहे. मूल हवे असे ठरले की किमान एक महिना आधीपासून रोज ४०० मायक्रोग्रॅम फोलिक आम्ल घ्यावे आणि तिसरा महिना संपेपर्यंत सुरू ठेवावे. चौथ्या महिन्यापासून लोह आणि फोलिक आम्लाची गोळी रोज, किमान १८० दिवस. आधीच्या बाळाला मज्जानलिकेचे व्यंग असेल, स्त्रीला मधुमेह असेल किंवा ती फिटसची औषधे घेत असेल, तर मात्रा वेगळी असते. ती डॉक्टरांनीच ठरवायची. फिटसची औषधे मनाने बंद करू नयेत.

हे सगळे ज्यांच्या दिवसांची अजून चाहूलही लागलेली नाही, अशा नवविवाहित मुलींसाठी आहे. म्हणून आशाताईंशी किंवा प्राथमिक आरोग्य केंद्रात बोलायचे, ते लग्नसराई आटोपल्यावर, पाळी चुकायच्या आधी. नवऱ्यानेही सोबत जावे. घेवड्याच्या बियाण्याची काळजी पेरणीआधी घेणाऱ्या घराला हे अवघड वाटू नये.