सर्व्हर रूममध्ये झाडू का चालत नाही?

निकालाची वेबसाइट, रेल्वेचं तिकीट, बँकेचा मेसेज. या सगळ्यामागे कुठल्या तरी खोलीत चोवीस तास चालणारी यंत्रं असतात, एवढं आपल्याला ठाऊक असतं. ती खोली साफ कोण करतं, हा प्रश्न मला मात्र कधी पडला नव्हता. मे महिन्याच्या सुट्टीत ग्वाल्हेरला काकांकडे गेले तेव्हा पडला, कारण काकांचा व्यवसायच तो आहे. चार दिवस मी त्यांच्या माणसांबरोबर हिंडले. तिथे जे पाहिलं आणि नंतर जे वाचलं, ते सांगते.

ग्वाल्हेरचा मे म्हणजे 45 अंशांच्या आसपासचा पारा, दुपारची लू आणि मधूनच उठणारी आंधी. सकाळी पुसलेल्या टेबलावर दुपारी बोटाने नाव लिहिता येतं. सर्व्हर रूममध्ये मात्र हवा 18 ते 27 अंशांच्या दरम्यान ठेवायची असते. सर्व्हर पुढून थंड हवा ओढतो आणि मागून गरम हवा सोडतो. हवेबरोबर धूळही आत जाते आणि उष्णता बाहेर टाकणाऱ्या धातूच्या पातळ पात्यांवर गोधडीसारखी बसते. मग पंखे जोरात फिरतात, वीज जास्त लागते, चिप तापते आणि स्वतःला वाचवायला कामाचा वेग कमी करते. पावसाळ्यात धोका वेगळा. धुळीतले क्षार हवेतला ओलावा शोषतात आणि धातू गंजायला लागतो.

सर्वांत त्रासदायक धूळ डोळ्यांना दिसतही नाही. आपल्या केसाची जाडी साधारण 70 मायक्रॉन धरली, तर इथे हिशेब अर्ध्या मायक्रॉनपासून सुरू होतो. सर्व्हर रूमसाठी सहसा आयएसओ 14644-1 या मानकातला आठवा वर्ग धरतात. त्यानुसार एक घनमीटर हवेत 0.5 मायक्रॉन किंवा त्याहून मोठे कण जास्तीत जास्त 35 लाख 20 हजार चालतात. आकडा प्रचंड वाटतो, पण हवेच्या मानाने ही बऱ्यापैकी स्वच्छ खोली झाली.

म्हणून इथे झाडू चालत नाही. झाडू धूळ काढत नाही, उडवतो. घरचा व्हॅक्यूम क्लीनरही नको, कारण तो बारीक कण मागून परत हवेत सोडतो. इथे हेपा फिल्टरचं यंत्र लागतं, जे 0.3 मायक्रॉनचे 99.97 टक्के कण अडवतं. फडकं जेमतेम दमट असतं. द्रव फडक्यावर घ्यायचा, यंत्रावर कधीच फवारायचा नाही. सफाई वरून खाली होते. आधी रॅकचं डोकं, मग बाजू, शेवटी जमीन. यंत्राच्या आतला भाग इंजिनिअरचा, त्याला हात लावायचा नाही.

बऱ्याच ठिकाणी जमीन दुहेरी असते. उचलता येणाऱ्या फरश्यांखालून थंड हवा आणि केबल जातात. तिथली सफाई करताना थोड्याच फरश्या एका वेळी उघडायच्या, नाहीतर थंड हवा भलतीकडे निघून जाते आणि वरची जमीनही डळमळते. जुन्या फरश्यांना खालून जस्ताचा मुलामा असेल तर त्यावर केसाहून बारीक तंतू वाढतात. ते सुटून यंत्रात गेले की शॉर्टसर्किट. शिवाय उडालेल्या धुळीला धूर समजून आगीचा अलार्म वाजू शकतो, म्हणून काम सुरू करण्याआधी अग्निशमन यंत्रणा बघणाऱ्यांना कळवावंच लागतं.

पहिल्याच दिवशी मी व्हॅक्यूमची वायर घेऊन रॅकवरच्या सॉकेटकडे गेले. काका ओरडले, "अगं थांब! तिथे नाही, भिंतीतला घे!" रॅकचं सॉकेट यूपीएसवर असतं. त्यावर व्हॅक्यूमचा भार पडला तर ते ट्रिप होऊन त्यावरचे सगळे सर्व्हर एका क्षणात बंद पडू शकतात.

दुपारी डबा खाताना काकांनी सांगितलं, की शहरातल्या एका कार्यालयात एका सफाईवाल्या मुलाने नेमकं हेच केलं होतं. त्याला तिथला फरक कोणीही दाखवला नव्हता. दुसऱ्या दिवशी त्याची नोकरी गेली. तीच चूक माझ्या हातून होता होता राहिली आणि मला फक्त ओरडा बसला, कारण मी काकांची पुतणी. हे मला अजून टोचतं. तेव्हापासून काका कुठेही गेले, की आधी रॅकच्या सॉकेटांवर लाल टेप लावतात आणि प्रत्येक माणसाला बरोबर नेऊन दाखवतात. नवीन माणूस पहिले काही दिवस एकटा आत जात नाही.

आपल्या कॉलेजातही काँप्युटर लॅब आहे. तिथे पुठ्ठ्याची खोकी साठवू नयेत, कारण पुठ्ठ्याचे तंतू झडत राहतात. चपला बाहेर काढाव्यात. आणि लॅब झाडायला येणाऱ्या मावशींना कुठला प्लग वापरायचा, हे कोणी सांगितलंय का, तेही एकदा विचारून बघू या. नसेल सांगितलं, तर ते पाच मिनिटांचं काम आहे.