मृगाआधी गाडीची काच आणि वायपर

वायपरची आठवण आपल्याला होते ती मृगाच्या पहिल्या सरीत. तोवर त्याचं रबर मार्च, एप्रिल, मे असे तीन महिने तापलेल्या काचेवर पडून असतं. जालन्यात मे महिन्यात पारा 42 अंशांच्या आसपास जातो आणि उन्हातली काच हवेपेक्षा कितीतरी जास्त तापते. रबराचा नाश पाऊस येण्याआधीच होऊन गेलेला असतो. म्हणून हे काम मेअखेरीस, फार तर 7-8 जूनला मृग लागायच्या आत उरकून घ्यावं. निम्म्याहून जास्त काम घरीच होतं.

सुरुवात धुण्यापासून करू. गाडी सावलीत घ्या आणि काच हाताला गार लागेपर्यंत थांबा. तापल्या काचेवर बादलीभर गार पाणी ओतलं आणि तिला आधीच बारीक तडा असला, तर तो तिथल्या तिथे लांबतो. बोनेट उघडून काचेच्या खालच्या पन्हाळीत अडकलेला लिंबाचा पाला हाताने काढून टाका. तो कुजला की पाणी वाहून जायची भोकं बुजतात.

आता आधी नुसतं पाणी सोडायचं, फडकं नंतर. सगळ्यात जास्त काचा इथेच खराब होतात. सकाळी घाईत कोरड्या फडक्याने धूळ झटकायची, किंवा गाडीत बसल्या बसल्या कोरडाच वायपर फिरवायचा, ही सवय घरोघरी दिसते. धुळीत गारगोटीचे कण असतात. कठीणपणा मोजायच्या मोहस मापावर काच साधारण 5.5 वर आणि गारगोटी 7 वर येते. म्हणजे आपण काचेवर पॉलिश पेपरच घासत असतो. त्याने पडलेले चरे दिवसा दिसत नाहीत. रात्री अंबड रस्त्यावर समोरून ट्रकचा अप्पर आला की सगळी काच चमकते आणि रस्ता दिसेनासा होतो. हे चरे पुन्हा बुजत नाहीत.

धूळ वाहून गेली की गाडीचा शाम्पू आणि मऊ मायक्रोफायबर फडकं घ्या. समृद्धी महामार्गावरून आलेल्या गाडीच्या काचेवर किडे चिकटून उन्हात घट्ट बसलेले असतात. त्यांना नखाने किंवा तारेच्या घासणीने खरवडू नका. ओलं फडकं दहा मिनिटं वर ठेवलं की ते सुटतात.

बोअरच्या पाण्याने रोज गाडी धुणाऱ्यांच्या काचेवर पांढरे ठिपके उठतात. आपलं पाणी जड, म्हणजे क्षारांचं. ते वाळलं की क्षार मागे राहतात. पांढरं व्हिनेगर आणि पाणी सारख्या भागात घेऊन फडकं भिजवा, ठिपक्यांवर थोडा वेळ ठेवा, मग स्वच्छ धुवा आणि लगेच कोरडं करा. हे मिश्रण रंगावर सांडू देऊ नका.

आतली बाजूही पुसायची. डॅशबोर्डचं प्लास्टिक तापलं की त्याची वाफ काचेवर पातळ, चिकट थर धरते. काच ओली न करता फडक्यावर थोडं ग्लास क्लीनर घेऊन पुसावं.

आता वायपर. दांडा (आर्म) उभा करण्याआधी काचेवर जाड टॉवेलची घडी ठेवा. ब्लेड काढल्यावर दांडा स्प्रिंगने खाड्कन खाली येतो आणि त्याचं लोखंडी टोक काच फोडू शकतं. काही गाड्यांत वायपर बोनेटखाली दडलेले असतात. त्यांना वर आणायची पद्धत गाडीच्या पुस्तिकेत दिलेली असते.

ओलं फडकं चिमटीत धरून रबराची धार एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत पुसा. काळं निघतं, ते निघायचं थांबेपर्यंत पुसत राहा. मग तीच धार बोटाने हलकेच वाकवून उजेडात पाहा. चांगलं रबर लवचिक असतं आणि त्याची कड सरळ, धारदार दिसते. उन्हाने गेलेल्या रबरावर केसासारख्या भेगा उघडतात, किंवा धार एकाच बाजूला झोपलेली राहते. अशी झोपलेली धार परतताना उलटत नाही, म्हणून वायपर थरथरतो आणि करकरतो. काचेवर बारीक रेघा राहत असतील तर आधी धूळ पुसून पाहा. तरी राहिल्या तर धार फाटली आहे. मधलाच पट्टा पुसायचा राहत असेल तर बहुधा ब्लेडचा दाब सगळीकडे सारखा पडत नाही.

करकर थांबवायला रबराला रॉकेल, डिझेल किंवा खोबरेल लावणारे पुष्कळ आहेत. आवाज दोन दिवस थांबतो, पण रबर फुगतं आणि काचेवर तेलाचा थर बसतो. मग पावसात काहीच दिसत नाही. हे अजिबात करू नका.

ब्लेड वर्षातून एकदा बदलावेत. दोन्ही बाजूंची लांबी बहुतेक गाड्यांत वेगळी असते, म्हणून दुकानात जाताना जुने ब्लेड पट्टीने मोजून इंचात लिहून न्या. बहुतेक गाड्यांत हुकाची जोडणी असते. मधली खटकी दाबून ब्लेड दांड्यावरून खाली सरकवला की तो हुकातून सुटतो. नवा उलट दिशेने, वर ओढून बसवायचा. ‘टक’ असा आवाज आला नाही तर तो नीट बसलेला नाही आणि भर पावसात उडून जाईल.

मग फवाऱ्याची टाकी. तिच्या झाकणावर काचेचं आणि फवाऱ्याचं चित्र असतं. शेजारी कूलंटची टाकी असते. तिच्यात चुकून पाणी ओतू नका आणि गाडी गरम असताना तिचं झाकण मुळीच उघडू नका. फवाऱ्याच्या टाकीत बोअरचं पाणी घातलं तर नोझल, म्हणजे फवाऱ्याची बारीक तोटी, क्षारांनी बुजते. बॅटरीत घालतात ते डिस्टिल्ड वॉटर किंवा आरओचं पाणी आणि त्यात काचेचं वॉशर लिक्विड घाला. कपड्यांची पावडर नको, तिचा फेस काचेवर वाळतो. बुजलेली तोटी टाचणीने अलगद मोकळी होते.

राहिला खडीचा मार. गोदाकाठची वाळू किंवा खडी वाहणाऱ्या टिप्परच्या मागे अंतर ठेवणं हाच खरा उपाय. समोरची काच दोन काचांमध्ये प्लास्टिकचा पापुद्रा घालून केलेली असते (लॅमिनेटेड). म्हणून खडा लागला की तिचा चुरा होत नाही, चांदणी पडते. ती त्याच दिवशी पारदर्शक चिकटपट्टीने झाका, म्हणजे आत धूळ-पाणी जाणार नाही. चांदणी रुपयाच्या नाण्याएवढी किंवा लहान असेल, काचेच्या कडेपासून दूर असेल आणि चालकाच्या नजरेसमोर नसेल, तर काचवाले तीत रेझिन भरून ती थांबवू शकतात. तोवर एसीचा गार झोत थेट काचेवर सोडू नका. तडा कडेपर्यंत पोचला असेल तर काचच बदलावी लागते. मग काढण्याआधी फोटो घ्या आणि विमा कंपनीला कळवा. नवी काच बसवल्यावर तिचा चिकटा वाळायला किती तास लागतील, हे कारागिराला विचारून तेवढा वेळ गाडी उभीच ठेवा.