झाकलेला वारसा

नातू आजोबांवर गेला, असे आपण सहज म्हणतो. परंतु मधल्या पिढीत जे कोठेच दिसले नाही ते तिसऱ्या पिढीत कसे उगवले, असा प्रश्न आपल्याला क्वचितच पडतो. ग्रेगोर मेंडेल याने १८६५ साली ब्रनो येथे वाटाण्यावरील आपल्या प्रयोगांचे निवेदन केले, त्यात या प्रश्नाचे उत्तर आहे. अपत्याला जनुकांची जोडी मिळते. एक मातेकडून, एक पित्याकडून. एकटे असूनही ज्याचा गुण प्रकट होतो ते प्रभावी. जोडीदारही तसाच लाभल्यावाचून ज्याचा गुण प्रकट होत नाही ते अप्रभावी. अप्रभावी म्हणजे नष्ट झालेले नव्हे. ते केवळ झाकलेले असते.

याचे एक विलक्षण उदाहरण मुंबईत आढळले. १९५२ साली डॉ. वाय. एम. भेंडे व त्यांचे सहकारी यांनी एका अपरिचित रक्तगटाची माहिती प्रसिद्ध केली. आज तो ‘बॉम्बे रक्तगट’ म्हणून ओळखला जातो. तांबड्या पेशींवरील ‘ए’ आणि ‘बी’ ही द्रव्ये ‘एच’ या मूळ द्रव्यापासून घडतात. ‘ओ’ गटात ‘एच’ तसेच राहते. ‘एच’ घडविणारे जनुक प्रभावी असल्याने त्याची एक प्रत पुरते. मात्र दोन्ही प्रती निकामी आल्या, तर ‘एच’ बनतच नाही. मग ‘ए’ वा ‘बी’ चे जनुक वारशाने येऊनही व्यर्थ. भिंतच नाही, तर चित्र काढावे कोठे?

नेहमीच्या तपासणीत हे रक्त ‘ओ’ गटाचे भासते, आणि येथेच धोका आहे. अशा व्यक्तीच्या रक्तद्रवात ‘एच’विरोधी प्रतिपिंडे असतात. तिला ‘ओ’ गटाचे रक्त दिल्यास प्राणावर बेतते. तिला बॉम्बे गटाचेच रक्त हवे. आणि भारतात अशी व्यक्ती सुमारे १०,००० मध्ये एक.

मग दाता शोधावा कोठे? आनुवंशिकतेचा नियमच वाट दाखवितो. मातापिता दोघेही निकामी जनुकाचे वाहक असले, तर प्रत्येक अपत्याच्या बाबतीत चारांत एक असा हा संभव असतो. म्हणून प्रथम सख्ख्या भावंडांचे रक्त तपासावे. श्रोतेहो, रक्त देण्यापूर्वी दात्याचे व रुग्णाचे रक्त जुळवून पाहण्याची चाचणी कधीही टाळू नये, ती यासाठीच.