आधी ऐकून घेणारं माणूस

३ जानेवारी २०२०, सावित्रीबाई फुले जयंती. त्या दिवशी राज्य सरकारनं ‘सायबर सेफ वुमन’ मोहीम सुरू केली आणि राज्यभर जागृतीची शिबिरं घेतली. सावित्रीबाईंचं नायगाव सातारा जिल्ह्यातलं, खंडाळा तालुक्यातलं, त्यामुळे या तारखेचं आमच्या भागाला अप्रूप. अशा शिबिरांत सांगतात ते खरंच असतं आणि गरजेचंही असतं: पासवर्ड कुणाला देऊ नका, अनोळखी माणसाची रिक्वेस्ट स्वीकारू नका, फोटो टाकताना जपा, तक्रार अमुक ठिकाणी करा. पण जिचा फोटो आधीच फिरलाय अशी एखादी मुलगी त्याच सभागृहात बसलेली असते, आणि ‘फोटो टाकताना जपा’ हे वाक्य तिला ‘चूक तुझीच’ असं ऐकू येतं. तिच्याशी कुणी आणि काय बोलायचं, हे शिकायला आणि शिकवायला आपण फार उशीर केला. गेल्या दीडेक दशकाचा हिशेब मांडताना मला हीच गोष्ट सगळ्यात जास्त टोचते.

सुरुवात ऑर्कुटच्या काळातली. सांगलीत विश्रामबागला, साताऱ्यात राजवाड्याच्या आसपास पोरं तासाच्या भाड्यानं सायबर कॅफेत बसायची. कॉलेजातल्या मुलीच्या नावानं खोटं प्रोफाइल काढायचं आणि त्यावर तिचा फोन नंबर टाकायचा, हा त्या वेळचा छळ. मुलगी घरी सांगायची नाही. सांगितलंच तर कॉलेज बंद व्हायचं, लग्नाचं बघायला लागायचे. कायद्याची बाजू तोवर हळूहळू उभी राहत होती. २००० च्या माहिती तंत्रज्ञान कायद्यातली दुरुस्ती २७ ऑक्टोबर २००९ ला लागू झाली. खासगी फोटो पसरवणं, उघड लैंगिक मजकूर पाठवणं यावर कलमं आली. त्यातलंच ६६ए, ‘आक्षेपार्ह’ ऑनलाइन मजकुराला शिक्षा सांगणारं. या कलमाचा वापर कसा झाला ते २०१२ साली पालघरमध्ये फेसबुकवरच्या एका साध्या मजकुरापायी दोन तरुणींना अटक झाली तेव्हा सगळ्यांनी पाहिलं. २४ मार्च २०१५ ला सर्वोच्च न्यायालयानं ते रद्द केलं, आणि ते योग्यच झालं. मधल्या काळात, २०१३ मध्ये, ऑनलाइन पाठलाग हाही गुन्हा ठरला. तरी ‘सायबर छळ’ नावाचा स्वतंत्र गुन्हा आपल्या कायद्यात आजही नाही. नुसतं हिणवणं, टोपणनावं पाडणं, वर्गाच्या ग्रुपवर रोज टर उडवणं हे कुठल्याच कलमात नीट बसत नाही, आणि शाळकरी पोरांचा छळ बहुतेक याच जातीचा असतो.

२०१६ च्या १५ ऑगस्टला राज्यात जिल्ह्याजिल्ह्यांत सायबर लॅब सुरू झाल्या. त्यानंतर तीन आठवड्यांनी, ५ सप्टेंबरला, जिओ आलं. यंत्रणा आणि संकट बरोबरच पोहोचलं म्हणायचं, पण संकटाचा वेग कितीतरी जास्त होता. जत-आटपाडीपासून माण-खटावपर्यंत स्वस्त डेटा गेला. त्याच्यामागून मनाला आधार देणारं माणूस मात्र गेलं नाही.

ते माणूस तयार करण्याची एक वाट आमच्याच भागात आधीपासून होती, हे इथं सविस्तर सांगायला हवं. डॉ. नरेंद्र दाभोलकर साताऱ्याचे. शिकले सांगलीच्या विलिंग्डन कॉलेजात आणि मिरजेच्या वैद्यकीय महाविद्यालयात. १९८९ मध्ये त्यांनी महाराष्ट्र अंधश्रद्धा निर्मूलन समिती (अंनिस) उभी केली, आणि नव्वदच्या दशकात साताऱ्यात ‘परिवर्तन’ हे व्यसनमुक्ती केंद्र. अंनिसचे कार्यकर्ते भानामतीची प्रकरणं हाताळायला जायचे. घरातले कपडे पेटतात, छपरावर दगड पडतात, गाव भगताकडं निघालेलं. कार्यकर्ते घरातल्या प्रत्येकाशी एकेकट्यानं बोलायचे. करणारं माणूस बहुतेक घरातलंच निघायचं, आणि त्याच्या मनात काहीतरी कोंडलेलं असायचं. त्याचं नाव ते चारचौघांत कधी घेत नसत. समजूत घालायची, गरज असेल तर मानसोपचारतज्ज्ञाकडं न्यायचं, पण गावापुढं उभं करायचं नाही. डॉक्टर नसलेला साधा शिक्षक किंवा एसटीतला कर्मचारी शिकवल्यावर हे काम करू शकतो, हा विश्वास त्या अनुभवातून आला. २० ऑगस्ट २०१३ ला डॉ. दाभोलकरांचा खून झाला. काम थांबलं नाही. त्यांचे चिरंजीव डॉ. हमीद दाभोलकर आणि ‘परिवर्तन’चे सहकारी ‘मानसमित्र’ तयार करत राहिले: मनाचा प्रथमोपचार करू शकणारी, आणि कुठं थांबून तज्ज्ञाकडं पाठवायचं ते कळणारी गावातली माणसं.

सायबर छळाच्या प्रशिक्षणाला लागतं ते सगळं यात आहे. जागतिक आरोग्य संघटनेनं २०११ मध्ये मानसिक प्रथमोपचाराची जी पुस्तिका काढली, तिचा गाभाही तोच: पाहा, ऐका, जोडून द्या. सल्ला त्यात फार मागं येतो.

अशा प्रशिक्षणात दोघांना समोरासमोर बसवतात. एकानं विद्यार्थिनी व्हायचं, दुसऱ्यानं शिक्षक. विद्यार्थिनी म्हणते, “मॅडम, माझा फोटो कुणीतरी एडिट करून ग्रुपवर टाकलाय.” जवळजवळ प्रत्येक शिक्षकाचं पहिलं वाक्य प्रश्न असतं. तू पाठवलाच कशाला? कोण मुलगा आहे तो? घरी माहीत आहे का? काही जण तर हात पुढं करतात, “मोबाईल दे इकडं.” मग भूमिका बदलतात. प्रश्न विचारणारे आता मुलीच्या खुर्चीत बसतात, आणि पहिल्याच प्रश्नाला मान खाली जाते. तिथून खरं शिकणं सुरू होतं. “सांगितलंस ते बरं केलंस. यात तुझा दोष नाही. आपण मिळून बघू.” एवढी तीन वाक्यं आवाज न चढवता म्हणायला माणसाला सराव लागतो. ऑगस्ट २०१९ च्या महापुरात शाळेत आसऱ्याला आलेल्या बाईला ‘नदीकाठी घर बांधलंसच कशाला’ असं विचारायचं नसतं, हे सांगलीत कुणाला शिकवावं लागलं नाही. इथं मात्र शिकवावं लागतं.

दुसरा धडा पुराव्याचा. स्क्रीनशॉट काढा, त्यात तारीख-वेळ आणि खात्याचं नाव दिसू द्या, काही डिलीट करू नका. आणि अल्पवयीन मुलीचा अश्लील फोटो ‘माहितीसाठी’ म्हणून मुख्याध्यापकांना व्हॉट्सॲपवर पाठवू नका, तो पाठवणंही माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या ६७बी कलमाखाली गुन्हा ठरू शकतो. चांगल्या मनाची माणसं नेमकी इथं घसरतात.

सगळ्यात अवघड भाग गुप्ततेचा. भानामतीत कार्यकर्ता नाव पोटात ठेवू शकत होता. पण पोक्सो कायदा १४ नोव्हेंबर २०१२ पासून लागू आहे, आणि त्याच्या १९ व्या कलमाप्रमाणं अल्पवयीनाच्या लैंगिक छळाची माहिती कळली तर ती पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे. म्हणून ‘मी कुणालाच सांगणार नाही’ असं वचन शिक्षकानं कधी द्यायचं नाही. ‘मला काही गोष्टी कळवाव्या लागतील, पण कळवण्याआधी तुला सांगेन आणि तुझ्यासोबत राहीन’ एवढंच म्हणायचं. यावर प्रशिक्षणात वाद होतात, आणि ते व्हायलाच हवेत. घरी कळलं तर शाळा सुटेल ही मुलीची भीती खोटी नसते. माझं मत असं की कायदा पाळावाच, पण आईवडिलांना सांगताना शिक्षकानं स्वतः तिथं बसावं. तिला एकटीला निरोप द्यायला पाठवू नये.

तिसरा धडा आत्महत्येच्या विचाराचा. ‘जीव द्यावासा वाटतो का’ असं सरळ विचारायला माणसं घाबरतात. विचारलं तर डोक्यात येईल असं त्यांना वाटतं. तसं होत नाही. विचारल्यानं उलट मोकळं व्हायला वाट मिळते. उत्तर ‘हो’ आलं तर त्या मुलाला एकटं सोडायचं नाही आणि त्याच दिवशी तज्ज्ञाकडं न्यायचं.

मुलगे या सगळ्यात फार काळ मोजणीतच नव्हते. अनोळखी बाईचा व्हिडिओ कॉल येतो, रेकॉर्डिंग होतं आणि मग पैशाची मागणी सुरू होते. पोलीस भरतीची, सैन्याची तयारी करणारा पोरगा यात सापडला की तक्रारच करत नाही, नाव पोलीस दप्तरी गेलं तर नोकरी गेली असं त्याला वाटतं. तक्रारदारावर गुन्हा नोंदत नाहीत, हे त्याला कुणीतरी शांतपणे सांगायला हवं. बदनामीची भीती पुरुषाला कमी असते हा समज प्रशिक्षणांनी लवकर सोडला असता तर बरं झालं असतं.

सरकारी पातळीवर २०१९ नंतर बरंच घडलं. ३० ऑगस्ट २०१९ ला राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टल आलं. फेब्रुवारी २०२० मध्ये आयुष्मान भारतचा शाळा आरोग्य कार्यक्रम निघाला: प्रत्येक शाळेत दोन शिक्षक आरोग्यदूत, अकरा विषय, त्यांत भावनिक स्वास्थ्य आणि इंटरनेटचा सुरक्षित वापर हे दोन्ही. कल्पना उत्तम. पण महिन्याभरात शाळांना कुलूप लागलं, शिक्षण मोबाईलवर गेलं, आणि ज्या मुलांना फोनपासून लांब ठेवत होतो त्यांच्या हातात आपणच तो दिला. फेब्रुवारी २०२१ च्या माहिती तंत्रज्ञान नियमांनी खासगी फोटोची तक्रार आल्यावर चोवीस तासांत तो काढण्याचं बंधन कंपन्यांवर घातलं. १० ऑक्टोबर २०२२ ला टेलिमानस ही फोनवरून मानसिक आधार देणारी सरकारी सेवा सुरू झाली. मोठ्या माणसांसाठी ‘स्टॉप एनसीआयआय’ आणि अठराच्या आतल्यांसाठी ‘टेक इट डाउन’ या सेवा फोटोची डिजिटल खूण घेऊन तो सहभागी संकेतस्थळांवर अडवतात. मूळ फोटो कुणाला द्यावा लागत नाही. समोर बसून हे फॉर्म भरून देणं हासुद्धा आधारच असतो. आपल्या हातात काहीतरी आहे असं त्या मुलीला अनेक दिवसांनी पहिल्यांदा वाटतं.

साधनं आली, कलमं आली, क्रमांक आले. कमी पडतोय तो शाळेतला, वाडीवरचा प्रशिक्षित कान. दोन तासांच्या व्याख्यानाला प्रशिक्षण म्हणणं आता थांबवावं. सराव, वर्षातून दोनदा उजळणी, आणि ऐकणाऱ्याचंही ऐकणारं कुणीतरी असणं, एवढं तरी पाहिजे. दुसऱ्यांचं दुःख झेलणारा शिक्षकही थकतो. तुमच्या शाळेतले ते दोन आरोग्यदूत कोण आहेत आणि त्यांचा शेवटचा सराव कधी झाला, हे पुढच्या पालकसभेत विचारा. पैशाची फसवणूक असेल तर हेल्पलाइन क्रमांक १९३०, मनाला आधार हवा असेल तर टेलिमानसचा १४४१६. तो चोवीस तास चालतो, मोफत आहे आणि मराठीत बोलता येतं.