डेबियनच्या पडद्यावरील मराठी

डेबियन ही मुक्त कार्यप्रणाली इयान मर्डॉक यांनी १९९३ साली आरंभिली. तिचा मूळ संकेत कोणासही वाचता येतो, बदलता येतो व बदललेल्या रूपात वाटता येतो. अशा कार्यास हातभार लावावयाचा म्हणजे संकेतलेखनच करावयास हवे, असा समज भाषेच्या विद्यार्थ्यांत आढळतो. तो अपुरा आहे. पडद्यावर उमटणारी वाक्ये हाही प्रणालीचाच भाग असून त्यांतील काही अडचणी व्याकरण जाणणाऱ्यानेच सोडवाव्यात अशा आहेत.

ही वाक्ये संकेतातून वेगळी काढून ‘पीओ’ नावाच्या साध्या मजकुराच्या फाइलीत ठेवलेली असतात. प्रत्येक नोंदीत वर इंग्रजी वाक्य व खाली भाषांतराची जागा, असा तिचा साचा. भाषांतर नसेल तेथे पडद्यावर निमूटपणे इंग्रजी उमटते. मूळ वाक्यात पुढे किरकोळ फेरफार झाला की जुने भाषांतर संदिग्ध म्हणून बाजूस पडते, आणि कोणी तपासून देईपर्यंत वापरले जात नाही. एकदा पुरे झालेले मराठीकरण काही वर्षांत पुन्हा अर्धेमुर्धे दिसू लागते ते यामुळे.

खरा कूटप्रश्न आहे तो रिकाम्या जागेचा. पुष्कळ वाक्यांत वस्तूच्या नावासाठी जागा मोकळी सोडलेली असते. तेथे कोणते नाव येणार हे भाषांतरकारास ठाऊक नसते. इंग्रजी क्रियापदास त्याची फिकीर नाही. मराठीत मात्र कर्मणि प्रयोगात कर्माचे लिंगवचन क्रियापदावर उतरते : फाइल काढून टाकली, पत्ता काढून टाकला, चित्र काढून टाकले. विभक्तीचे दुखणे याहून अवघड. ‘पत्रे’ नावाच्या फोल्डरात प्रत ठेवावयाची तर बोलणारा ‘पत्रांमध्ये’ म्हणेल. यंत्र सामान्यरूप करीत नाही, ते ‘पत्रेमध्ये’ असे जोडून मोकळे होते. वाचणारा अडखळतो, आणि मराठी संगणकास मानवत नाही असे समजून इंग्रजीकडे वळतो. दोष भाषेचा नव्हे, वाक्यरचनेचा. नावापुढे जातिवाचक नाम आणावे : “‘पत्रे’ या फोल्डरमध्ये”, “‘अहवाल’ ही फाइल काढून टाकली”. सारा विकार जातिवाचक नाम सोसते व नाव अविकृत राहते. वस्तूची जातच अनिश्चित असेल तेथे भावे प्रयोग उपयोगी पडतो. “‘अहवाल’ यास काढून टाकले” हे वाक्य किंचित अवघडलेले खरे, पण चुकीचे नाही.

अनेकवचनासाठी मराठीस दोन जागा दिलेल्या असतात. ‘फाइल’ व ‘फाइली’ तेथे सहज बसतात. ‘दिवस’ बदलत नाही, तरी दोन्ही जागा भराव्याच लागतात.

इंग्रजी ‘ओपन’ हा शब्द आज्ञाही असतो व स्थितीही. ‘उघडा’ लिहावे की ‘उघडलेली’, हे सुट्या शब्दावरून ठरत नाही. अशा ठिकाणी संदर्भाची टीप नसेल तर ती घालण्याची मागणी संकेतकाराकडे करावी. ती मान्य झाली की लाभ मराठीपुरता राहत नाही. परिभाषेच्या बाबतीत मात्र नवनिर्मितीचा उत्साह आवरावा. सरकारी कचेरीतील ‘नस्ती’ किंवा संस्कृत वळणाची ‘संचिका’ पडद्यावर आणण्याचा मोह होतो. एकाच यादीत तीन शब्द आले की वापरणारा गोंधळतो. ‘फाइल’ सर्वांस कळते.

दुरुस्ती पाठवावयाची कोठे, हे आधी ठरविले पाहिजे. डेबियनच्या पडद्यावरील पुष्कळसा मजकूर डेबियनचा नसतोच. प्रणाली स्थापित करणाऱ्या कार्यक्रमातील वाक्ये तिची स्वतःची. नेहमीच्या डेस्कटॉपची वाक्ये १९९७ साली सुरू झालेल्या ग्नोम प्रकल्पाची, आणि तेथे प्रत्येक भाषेचा निराळा गट असतो. दुरुस्ती उगमाशीच पाठवावी. ग्नोमची आवृत्ती वर्षातून दोनदा, मार्च व सप्टेंबरात निघते. डेबियनची स्थिर आवृत्ती साधारणतः दोन वर्षांनी. आज सुधारलेले वाक्य वापरणाऱ्यापर्यंत पोहोचण्यास तेवढा विलंब लागू शकतो. आरंभ एखाद्या लहान कार्यक्रमापासून करावा, आणि फाइल पाठविण्यापूर्वी तो कार्यक्रम मराठीत चालवून पाहावा. कोणते वाक्य बटणावर येते व कोणते इशाऱ्यात, हे फाइलीत दिसत नाही.