अध्यापक-साहाय्य, शैक्षणिक तंत्रविज्ञानातील

विद्यापीठे व महाविद्यालये यांतील अध्यापकांना दूरचित्रवाणी, संगणक, आंतरजाल इ. साधनांचा अध्यापनात उपयोग करता यावा, यासाठी प्रशिक्षण, सल्ला व तांत्रिक मदत पुरविणारी व्यवस्था. शालेय शिक्षकाला अध्यापनशास्त्राची पदविका वा पदवी घ्यावी लागते. महाविद्यालयीन अध्यापकाची निवड मात्र मुख्यतः विषयातील पात्रतेवरून होते. त्यामुळे अध्यापनपद्धती व नवी साधने या दोहोंचा परिचय त्याला बहुधा सेवेत आल्यावरच होतो.

भारतात विद्यापीठ अनुदान आयोगाने १५ ऑगस्ट १९८४ रोजी इन्सॅट-१बी उपग्रहाच्या साहाय्याने ‘कंट्रीवाइड क्लासरूम’ हा दूरचित्रवाणी कार्यक्रम सुरू केला. त्याच्या निर्मितीसाठी पुण्यासह काही ठिकाणी विद्यापीठीय केंद्रे निघाली आणि विषयतज्ञ अध्यापकांचा या माध्यमाशी प्रत्यक्ष संबंध आला. १९८६ च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानंतर सेवांतर्गत प्रशिक्षणासाठी अकॅडेमिक स्टाफ कॉलेजे स्थापन झाली. त्यांना २०१५ मध्ये मानव संसाधन विकास केंद्रे हे नाव मिळाले व २०२३ मध्ये ती मालवीय मिशन या योजनेखाली आली. २००९ मध्ये आरंभ झालेल्या राष्ट्रीय माहिती व संप्रेषण तंत्रविज्ञान शिक्षण मोहिमेखाली मुंबईच्या भारतीय तंत्रविज्ञान संस्थेने एक वेगळी रीत अवलंबिली. दूरस्थ केंद्रांच्या समन्वयकांची तयारी आधी करून घेण्यात येई. नंतर मुंबईतील व्याख्याने ठिकठिकाणच्या अध्यापकांना एकाच वेळी थेट ऐकता येत व प्रश्नही विचारता येत.

अशा प्रशिक्षणात साधन हाताळण्याच्या कौशल्यावरच भर दिल्यास फळ्याची जागा पडदा घेतो, अध्यापन मात्र पूर्ववत राहते. अमेरिकन शिक्षणतज्ञ ली शुलमन यांनी १९८६ मध्ये विषयज्ञान व अध्यापनज्ञान यांच्या संयोगाला महत्त्व दिले. पुण्य मिश्र व मॅथ्यू कोलर यांनी २००६ मध्ये त्याला तंत्रविज्ञानाच्या ज्ञानाची जोड दिली. विषय, पद्धती व साधन यांचा विचार एकत्र व्हावा, हे या मांडणीचे सार होय.

हार्व्हर्ड विद्यापीठातील भौतिकीविज्ञ एरिक माझुर यांची १९९० नंतरच्या दशकातील पद्धती याचे उत्तम उदाहरण आहे. अध्यापक एक संकल्पनात्मक प्रश्न विचारतो. विद्यार्थी प्रथम स्वतंत्रपणे उत्तर नोंदवितात, शेजाऱ्याशी चर्चा करतात व पुन्हा उत्तर देतात. उत्तरे नोंदविण्यासाठी विजाणवीय उपकरण वापरता येते, तसेच साधी कार्डेही चालतात. नॅथॅनियल लॅस्री यांनी २००८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या तुलनेत दोन्हींमुळे होणाऱ्या अध्ययनात लक्षणीय फरक आढळला नाही. उपकरणाने मोजणी सुलभ होते; आकलन वाढते ते प्रश्न व चर्चा यांमुळे.

मार्च २०२० मध्ये कोव्हिड-१९ मुळे वर्ग बंद झाले, तेव्हा असंख्य अध्यापकांना पूर्वतयारीविना आंतरजालावरून शिकवावे लागले. ज्या विद्यार्थ्यांकडे स्वतंत्र दूरध्वनिसंच वा भरवशाची जोडणी नव्हती, ते वर्गाबाहेर राहिले. तेव्हा साधनाची निवड करताना ते सर्व विद्यार्थ्यांना उपलब्ध होईल काय, हे अध्यापकाने प्रथम पाहणे आवश्यक ठरते. एखाद्या आठवड्याच्या वर्गाने ही दृष्टी येत नाही. त्यासाठी पाठाच्या तयारीला मोकळा वेळ, जवळ तांत्रिक साहाय्यक आणि समविषय सहकाऱ्यांशी सतत विचारविनिमय यांची गरज असते.