शाबासकी द्यायची, पण वही कोण तपासणार?

आमचे मामा पीथमपूरला एका कारखान्यात नोकरी करतात. मागच्या सुट्टीत त्यांनी मला कारखाना दाखवायला नेलं. आत शिरल्या शिरल्याच भिंतीवर प्रशस्तिपत्रांची रांग होती. पर्यावरणासाठी उत्तम काम केल्याबद्दलची! मी कौतुकानं विचारलं, "मामा, तपासायला कोण आलं होतं?" मामा हसले. म्हणाले, "अगं, फॉर्म आम्हीच भरून पाठवला होता."

तेव्हापासून हा विषय डोक्यात घोळतोय. सरकारनं कारखान्यांना शाबासकी द्यावी का? दिली तर तिचा उपयोग होतो का?

प्रदूषण आवरायचा नेहमीचा मार्ग धाकाचा. कायदा मर्यादा ठरवतो, ती ओलांडली की दंड. पण मर्यादेपेक्षाही चांगलं काम करणाऱ्याला त्यात काहीच मिळत नाही. म्हणून काही सरकारं दुसरा मार्गही वापरतात. तुम्ही आपणहून जास्त करा, आम्ही तुमचं जाहीर कौतुक करू, थोड्या सवलती देऊ. सक्ती काही नाही. अमेरिकेत असे प्रयोग पुष्कळ झाले, आणि त्यांतल्या एकाची मुळं थेट आपल्या भोपाळपर्यंत पोचतात.

१९८४ च्या डिसेंबरात भोपाळला वायुगळती झाली. त्यानंतर अमेरिकेतले लोकही विचारू लागले, की आमच्या शेजारच्या कारखान्यात काय साठवलंय? १९८६ साली तिथे कायदा झाला. कोणतं विषारी रसायन किती प्रमाणात हवेत, पाण्यात, जमिनीत सोडलं, हे कारखान्यांनी दरवर्षी कळवायचं आणि ते आकडे सगळ्यांना पाहायला खुले. ते छापून आल्यावर भल्याभल्या कंपन्यांना मान खाली घालावी लागली.

याच आकड्यांच्या आधारावर १९९१ मध्ये तिथल्या पर्यावरण संरक्षण संस्थेनं, म्हणजे ईपीएनं, '३३/५०' नावाचा कार्यक्रम काढला. बेंझीन, पारा, शिसं अशी १७ रसायनं निवडली. १९८८ च्या तुलनेत ती १९९२ पर्यंत ३३ टक्के आणि १९९५ पर्यंत ५० टक्के कमी करायची. भाग घेणं ऐच्छिक, बक्षीस म्हणजे प्रशस्तिपत्र आणि नाव. ५० टक्क्यांचं उद्दिष्ट एक वर्ष आधीच गाठलं गेलं. अर्थात सगळं श्रेय कार्यक्रमाचं नव्हे. काही घट तो सुरू व्हायच्या आधीच झाली होती, आणि भाग न घेतलेल्यांनीही प्रदूषण कमी केलं होतं. पण नेमकं किती कमी झालं, हे कुणालाही ताडून पाहता येत होतं.

२००० साली ईपीएनं 'परफॉर्मन्स ट्रॅक' सुरू केला. कायदा पाळल्याची चांगली नोंद, पर्यावरणाची घडी नीट बसवलेली आणि पुढच्या ३ वर्षांत काय सुधारणार याची लेखी हमी, एवढं असलं की सदस्यत्व मिळे. बदल्यात कौतुक, काही नियमांत ढील, आणि मुख्य म्हणजे नेहमीच्या तपासणीतून बरीचशी सुटका! दरवर्षीचा प्रगती अहवाल कारखान्यानं स्वतःच लिहायचा.

२००७ मध्ये ईपीएच्याच महानिरीक्षकांनी ३० सदस्य निवडून पाहिले. दिलेल्या सगळ्या हमी पाळणारे निघाले फक्त २. पुढे वर्तमानपत्रांतूनही टीका झाली. २००९ मध्ये ईपीएच्या नव्या प्रमुख लिसा जॅक्सन यांनी कार्यक्रम बंद केला. तेव्हा ५०० हून जास्त कारखाने आणि संस्था त्यात होत्या.

मला यातला फरक असा वाटतो. वर्गातल्या हुशार मुलीला शाबासकी जरूर द्यावी. पण "तू हुशार, आता तुझी वही तपासणार नाही" हे काही बक्षीस झालं नाही. काही दिवसांनी तिच्या वहीत काय असेल, ते आपण सगळे जाणतो!

मग वही कुणी तपासायची? याचं एक उत्तर गुजरातेत मिळालं. तिथे बऱ्याच कारखान्यांना प्रदूषणाचं ऑडिट करून घ्यावंच लागतं. पण ऑडिटर कारखान्यानंच निवडायचा आणि पैसेही त्यानंच द्यायचे, अशी रीत होती. एस्थर डुफ्लो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अहमदाबाद-सुरत भागात २००९ पासून दोन वर्षं एक प्रयोग केला. काही कारखान्यांना ऑडिटर चिठ्ठी टाकल्यासारखे नेमून दिले, त्यांची फी सामायिक निधीतून दिली, आणि काही मोजण्या दुसऱ्याकडून पुन्हा करून घेतल्या. अहवाल खरे येऊ लागले. एवढंच नाही, त्या कारखान्यांचं प्रदूषणही घटलं.

हे सगळं आपल्यापासून लांबचं वाटत असेल, तर आठवा. भोपाळच्या त्याच कारखान्यातला ३३७ टन विषारी कचरा २०२५ च्या जानेवारीत पीथमपूरला आणला. लोक रस्त्यावर उतरले. कचरा सुरक्षितपणे जाळू, असं सरकार सांगत होतं, तरी लोकांचा विश्वास बसत नव्हता. प्रशस्तिपत्रं लावलेल्या भिंती त्या गावात कमी नाहीत. पण विश्वास भिंतीवर टांगता येत नाही. तो खुल्या आकड्यांतून आणि तिऱ्हाइतानं केलेल्या तपासणीतून हळूहळू येतो.

पुढच्या सुट्टीत मामांकडे जाईन तेव्हा प्रशस्तिपत्रं नक्की पाहीन. पण आधी विचारीन, "मामा, आकडे कुठे पाहायला मिळतील?"